मोठ्या सभागृहात गिटारचा स्वर : ध्वनिविवर्धनाची मूलतत्त्वे

गिटार हे मुळात दिवाणखान्यात वाजविण्याचे वाद्य आहे. पोकळ लाकडी पेटी, तिच्यावरील पातळ तबली आणि सहा तारा यांच्या संयोगातून निर्माण होणारा तिचा स्वर वीसपंचवीस श्रोत्यांना पुरेसा असतो. श्रोत्यांची संख्या पाचशे किंवा पाच हजार झाली की तो अपुरा पडतो आणि विद्युत् साधनांचे साहाय्य घ्यावे लागते. असे साहाय्य घेताच एक नवी अडचण उभी राहते. आवाज मोठा होतो, परंतु तो त्या वाद्याचा आहे असे वाटत नाही. कधी तो पत्र्यावर टिचकी मारल्यासारखा रुक्ष होतो, कधी मडक्यात बोलल्यासारखा घुमतो, तर कधी एकाएकी सर्व सभागृह भरून टाकणारी किंचाळी ऐकू येते. अशा वेळी वादक हात आखडून वाजवू लागतो आणि ज्या सूक्ष्म छटांसाठी त्याने साधी, अविद्युत् गिटार हाती घेतली, त्याच श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

हे दोष अटळ नाहीत. त्यांची कारणे भौतिकशास्त्राच्या प्राथमिक नियमांत सापडतात, आणि कारण समजले की उपाय बहुधा अल्प खर्चात करता येतो. त्या नियमांचा व उपायांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत पुस्तिकेचा हेतू आहे.

१. स्वराची उत्पत्ती

नेहमीच्या जुळणीत गिटारच्या सहा मोकळ्या तारांची कंप्रता अनुक्रमे ८२.४, ११०, १४६.८, १९६, २४६.९ आणि ३२९.६ हर्ट्‌झ असते. तार स्वतः इतकी बारीक असते की ती फारशी हवा हालवू शकत नाही. तिची ऊर्जा घोडीमार्फत तबलीला मिळते, तबली कंप पावते आणि तिच्या विस्तृत पृष्ठभागामुळे हवेत ध्वनितरंग उमटतात.

या कामी पेटीतील हवेचाही वाटा असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली असता एक ठरावीक स्वर निघतो. त्याच न्यायाने गिटारच्या पेटीतील हवा मधल्या ध्वनिछिद्रातून आतबाहेर आंदोलने करते. नेहमीच्या आकाराच्या गिटारमध्ये या आंदोलनाची स्वाभाविक कंप्रता १०० हर्ट्‌झच्या आसपास आणि तबलीच्या प्रमुख कंपनाची २०० हर्ट्‌झच्या आसपास आढळते. या दोन कंप्रतांच्या जवळचे स्वर पेटी अधिक जोमाने उचलून धरते. शास्त्रीय परिभाषेत यास अनुस्पंदन म्हणतात. गिटारच्या खर्जाला जी ऊब असते ती याचीच देणगी होय. परंतु पुढे दिसून येईल की विवर्धनातील बहुतेक उपद्रवही येथूनच उद्भवतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाद्याचे सर्व भाग सारखेच ध्वनी देत नाहीत. ध्वनिछिद्रातून खर्जाचे प्राबल्य असलेला ध्वनी येतो, तर तबलीच्या निरनिराळ्या भागांतून मध्यम व तीव्र उपस्वर निघतात. दोनतीन मीटरांवर बसलेल्या श्रोत्याला या सर्वांचे मिश्रण ऐकू येते, आणि त्या मिश्रणालाच आपण गिटारचा स्वर म्हणतो.

२. विजेविना झालेले प्रयत्न

उघड्या मैदानात उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबेलने उतरते. एक मीटरवर ऐकू येणारा आवाज सोळा मीटरांवर २४ डेसिबेलने क्षीण झालेला असतो. हा तोटा वाद्याच्याच रचनेत भरून काढण्याचे अनेक प्रयत्न झाले. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस याने पेटी मोठी करून तबलीखालील लाकडी पट्ट्यांची पंख्यासारखी मांडणी परिपूर्णतेस नेली. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये ड्रेडनॉट हा रुंद आकार प्रथम तयार केला. १९२७ च्या सुमारास जॉन डोपेरा याने पेटीत अ‍ॅल्युमिनियमचे शंकू बसवून रेझोनेटर गिटार बनविली. तथापि वाद्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे यांपैकी कोणताही उपाय पुरा पडला नाही. १९३० नंतरच्या दशकात गिटार विजेकडे वळली ती या गरजेपोटी.

३. स्वर टिपण्याचे तीन मार्ग

मायक्रोफोन : मायक्रोफोन हवेतील ध्वनितरंग टिपतो, म्हणून श्रोत्याचा कान जे ऐकतो त्याच्याशी त्याचे फळ सर्वांत अधिक जुळते. मात्र त्याची जागा नीट निवडावी लागते. तो ध्वनिछिद्रासमोर धरला तर १०० हर्ट्‌झचे अनुस्पंदन इतर सर्व गोष्टींवर मात करते आणि आवाज घुमतो. दांडी जेथे पेटीला मिळते त्या बाराव्या ते चौदाव्या पडद्यासमोर, वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्याचे तोंड किंचित पेटीकडे वळविल्यास समतोल स्वर मिळतो. उणीव अशी की मायक्रोफोन शेजारचा तबलाही ऐकतो आणि लाउडस्पीकरही ऐकतो. शिवाय वादक हातभर मागे सरला की आवाज निम्मा होतो.

चुंबकीय पिकअप : लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार जवळ कंप पावू लागली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युत् दाब निर्माण होतो. या साधनाला तार कळते. पेटी व तिच्यातील हवा यांचे योगदान त्यात फारच थोडे उतरते. म्हणून त्याचा आवाज विजेच्या गिटारकडे झुकतो. नायलॉनच्या तारांवर ते काम करीत नाही. ब्राँझने मढविलेल्या तारांच्या बाबतीत त्याला केवळ आतील पोलादी गाभा जाणवतो, त्यामुळे न मढविलेल्या दोन तारा प्रमाणाबाहेर मोठ्या वाटू शकतात. गिब्सन कंपनीच्या १९५४ मधील जे-१६०ई या गिटारला असाच पिकअप होता. त्या गिटारची तबली अखंड लाकडाऐवजी थरांच्या लाकडाची केलेली होती. विवर्धकाला जोडल्यावर ती कमी थरथरावी, हा तिचा उपयोग; मात्र विजेवाचून वाजविताना तिचा स्वर काहीसा मंद असे. बीटल्समधील जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन यांनी हेच वाद्य वापरले.

दाबविद्युत् पिकअप : १८८० मध्ये झाक व पिएर क्यूरी या बंधूंना असे आढळले की क्वॉर्ट्‌झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार प्रकट होतो. अशा द्रव्याची पातळ पट्टी घोडीवरील हाडी पट्टीच्या खाली बसविली म्हणजे तारांच्या कंपनाने पडणारा बदलता दाब विजेत उतरतो. अमेरिकेत हेलिकॉप्टर बांधणारे अभियंते चार्ल्स केमन यांनी १९६६ मध्ये ओव्हेशन गिटार बाजारात आणली. या कंपनीने १९७० च्या सुमारास घोडीत दाबविद्युत् पिकअप बसविण्यास आरंभ केला आणि ही पद्धत रंगमंचावर रूढ झाली. आज कारखान्यातून पिकअपसह येणाऱ्या गिटारींत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो.

दाबविद्युत् पिकअपचा आवाज कोरडा व टणक का वाटतो, याचे उत्तर येथेच मिळते. घोडीवर पडणारे बल आणि हवेत पसरणारा ध्वनी या दोन भिन्न गोष्टी आहेत. बलाचे ध्वनीत रूपांतर करताना तबली काही उपस्वर वाढविते, काही दडपते आणि आघाताची धार बोथट करते. पिकअपने हे रूपांतर होण्यापूर्वीच नोंद घेतलेली असते. त्यातून नखाचा वा मिझराबीसारख्या पट्टीचा आघात नको इतका ठळक येतो आणि पेटीचे मार्दव गळून पडते.

४. संरोधाचा प्रश्न

पुष्कळदा दोष पिकअपला दिला जातो, परंतु तो असतो जोडणीत. दाबविद्युत् पिकअप विद्युत् मंडलात एखाद्या लहान धारित्रासारखा वागतो. समजा, त्याची विद्युत् धारणा १००० पिकोफॅरड आहे. ज्या यंत्रास तो जोडावयाचा त्याचा प्रवेश-संरोध आणि ही धारणा यांच्या गुणाकारावरून एक सीमा-कंप्रता ठरते आणि तिच्याखालील स्वर उत्तरोत्तर क्षीण होत जातात. १०,००० ओहम संरोधाच्या यंत्राला पिकअप सरळ जोडला तर ही सीमा सुमारे १५,९०० हर्ट्‌झवर येते. म्हणजे जवळजवळ सर्व संगीत सीमेखाली राहते आणि हाती केवळ खरखर लागते. संरोध १० लक्ष ओहम असेल तर सीमा १५९ हर्ट्‌झवर उतरते; तरीही सर्वांत जाड तारेच्या ८२ हर्ट्‌झच्या मूळ स्वराचा विद्युत् दाब निम्म्याहून कमी उरतो. संरोध १ कोटी ओहम घेतल्यास सीमा १६ हर्ट्‌झवर जाते आणि खर्ज संपूर्ण मिळतो. म्हणून दाबविद्युत् पिकअपच्या लगत, शक्यतो गिटारच्या पेटीतच, उच्च संरोधाचा पूर्वविवर्धक असणे अगत्याचे आहे. तो बहुधा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर आवाज फाटू लागला तर प्रथम या बॅटरीचा संशय घ्यावा.

केबलच्या परिणामाविषयीही एक गैरसमज आहे. साधारण केबलची धारणा दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. पूर्वविवर्धक नसताना पाच मीटर केबल जोडली तर दाबविद्युत् पिकअपचा सर्वच आवाज सुमारे साडेतीन डेसिबेलने उतरतो. तीव्र स्वर तेवढेच जातात असे नव्हे. चुंबकीय पिकअपच्या बाबतीत मात्र लांब केबलने तीव्र स्वरच मंदावतात. रंगमंचापासून मिक्सरपर्यंतचे अंतर पुष्कळ असते. म्हणून रंगमंचावरच डी. आय. बॉक्स ठेवून तेथून पुढे तीन तारांची संतुलित केबल न्यावी. अशा केबलमधील दोन संदेशवाही तारांवर बाहेरचा विद्युत् गोंगाट सारखाच येतो आणि ग्रहण करणारे यंत्र त्या दोहोंतील फरकच तेवढा घेत असल्याने गोंगाट वजा होतो.

५. किंचाळी व तिचे निवारण

लाउडस्पीकरमधून निघालेला ध्वनी हवेतून परत गिटारच्या तबलीवर किंवा मायक्रोफोनवर येतो, पुन्हा विवर्धित होतो आणि पुन्हा परततो. या चक्रास पुनःप्रदाय म्हणतात. एका फेरीत ध्वनी मूळच्यापेक्षा कमी होऊन परतत असेल तर तो विरून जातो. तो मूळच्याइतका किंवा अधिक होऊन परतला आणि त्याची कलाही मूळ ध्वनीशी जुळली, तर तो वाढतच जातो. स्थैर्याच्या या अटीचे गणित हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये विवर्धकांच्या संदर्भात मांडले. बीटल्सच्या ‘आय फील फाइन’ या १९६४ मधील गीताच्या आरंभी हीच घुमणी मुद्दाम योजलेली आहे. परंतु अनाहूतपणे येणारी घुमणी कोणालाच नको असते.

चक्र सर्वांत बलवान जेथे, तेथे ते प्रथम फुटते. पिकअप असलेल्या गिटारमध्ये ते ठिकाण बहुधा १०० किंवा २०० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे पेटीच्या अनुस्पंदनापाशी असते. यावर पुढील उपाय क्रमाने करून पाहावेत.

(अ) वादकाने आपली जागा व दिशा बदलावी. लाउडस्पीकर वादकाच्या मागे असू नये. मुख्य लाउडस्पीकर त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत.

(आ) ध्वनिछिद्रावर रबराचे झाकण बसवावे. हवेचे आंदोलन त्यामुळे दबते. हा उपाय पिकअपसाठीच आहे. पेटीबाहेरच्या मायक्रोफोनला तो मारक ठरतो.

(इ) पूर्वविवर्धकावर कला उलटविण्याचे बटन असल्यास ते दाबून पाहावे. कलेची अट मोडली की घुमणी थांबते.

(ई) अरुंद पट्ट्याचा गाळक वापरून केवळ तीच कंप्रता कमी करावी. संपूर्ण खर्ज काढून टाकणे म्हणजे एका खड्यासाठी सगळा भात फेकून देण्यासारखे होय.

(उ) मायक्रोफोन वापरताना वादकासमोरील मॉनिटर त्याच्या बधिर दिशेस ठेवावा. हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा मायक्रोफोन बरोबर पाठीमागे बधिर असतो; अतिहृदयाकृती मायक्रोफोन मात्र समोरच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ११० अंशांवर बधिर असतो. दोहोंसाठी मॉनिटरची जागा एकच समजणे ही सर्रास होणारी चूक आहे.

(ऊ) गरज नसलेले मायक्रोफोन बंद ठेवावेत. उघड्या मायक्रोफोनांची संख्या दुप्पट झाली की किंचाळीपूर्वी मिळणारे विवर्धन सुमारे ३ डेसिबेलने घटते.

मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० नंतरच्या दशकात सर्व कंप्रता सुमारे ५ हर्ट्‌झने सरकवून पुनःप्रदाय टाळण्याची युक्ती सुचविली होती. भाषणासाठी ती उपयुक्त ठरली. परंतु संगीतात स्वरांची परस्पर प्रमाणे बिघडत असल्याने ती येथे चालत नाही.

६. दोन साधनांचा मेळ

पिकअपची स्थिरता आणि मायक्रोफोनची नैसर्गिकता यांचा एकत्र लाभ घेण्यासाठी दोन्ही साधने जोडण्याची प्रथा आहे. येथे वेळेचा हिशेब करावा लागतो. पिकअपला कंपन तत्काळ मिळते. तीस सेंटिमीटरवरील मायक्रोफोनपर्यंत ध्वनी पोहोचण्यास सुमारे ०.८७ सहस्रांश सेकंद लागतो. या विलंबामुळे, कला मुळात सारखी असल्यास, ५७० हर्ट्‌झच्या सुमारास दोन्ही संदेश एकमेकांविरुद्ध येऊन क्षीण होतात. तसेच पुढे १७०० व २८५० हर्ट्‌झच्या सुमारास. स्वर मग पोकळ वाटतो. मायक्रोफोन थोडा पुढेमागे करून, एकाची कला उलटवून किंवा आधुनिक अंकीय मिक्सरमध्ये पिकअपला तितकाच विलंब देऊन हा दोष घालविता येतो. साधी विभागणी अशी की २०० हर्ट्‌झखालील स्वर पिकअपकडून आणि वरचे मुख्यतः मायक्रोफोनकडून घ्यावेत.

अलीकडे तिसरा मार्ग उपलब्ध झाला आहे. शांत खोलीत एकच वादन पिकअपने व उत्तम मायक्रोफोनने एकाच वेळी टिपतात, दोहोंमधील भेद गणिताने काढतात आणि तो अंकीय यंत्रात साठवितात. रंगमंचावर पिकअपचा संदेश या यंत्रातून गेला की तबलीने केलेल्या रूपांतराची बऱ्याच अंशी भरपाई होते.

७. भारतीय वादनातील विशेष

मांडोच्या साथीला गिटार ही गोव्याची जुनी परंपरा आहे. हिंदुस्थानी रागसंगीतात मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारला ब्रिजभूषण काब्रा यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ मधील आहे. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला तरफेच्या ताराही आहेत.

या वादनात मींड प्रमुख असल्याने विवर्धनातील दोष तत्काळ उघडे पडतात. मींड घेताना स्वर मधल्या सर्व कंप्रतांवरून सरकत जातो. वाटेत एखादे तीव्र अनुस्पंदन असले तर तेवढ्यापुरता स्वर एकदम फुगतो आणि वादकाने आखलेली रेषा मोडते. याच गुणाचा परीक्षेसाठी उपयोग होतो. कार्यक्रमापूर्वी खर्जाच्या तारेवर एक सावकाश मींड घ्यावी. जेथे आवाज उसळेल तेथेच गाळक लावावा. तरफेच्या तारांची आस टिपण्यासाठी वाद्याच्या वर, तबलीकडे तोंड केलेला मायक्रोफोन हे योग्य साधन होय. पावसाळ्यातील दमट हवेने तबली फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि स्वर मंदावतो. म्हणून उन्हाळ्यात ठरविलेली यंत्राची जुळवाजुळव आषाढात पुन्हा तपासावी. हवेची सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असल्यास लाकूड सुस्थितीत राहते.

८. जीविताची सुरक्षितता

आवाजाच्या गुणापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे भूसंपर्क. चुंबकीय पिकअपच्या गिटारमध्ये तारा बहुधा विद्युत् मंडलाच्या भूसंपर्काशी जोडलेल्या असतात. वादकाचे हात तारांवर असताना त्याच्या ओठांचा स्पर्श सदोष मायक्रोफोनला झाला, तर २३० व्होल्टचा दाब त्याच्या शरीरातून मार्ग काढू शकतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्झी येथे स्टोन द क्रोज या वृंदाचा गिटारवादक लेस हार्वी हा भूसंपर्क नसलेल्या मायक्रोफोनच्या स्पर्शाने रंगमंचावरच मरण पावला. उत्सवाच्या मांडवात, ओल्या जमिनीवर आणि घाईने ओढलेल्या वायरींवर हा धोका अधिक असतो. यंत्रातून गुणगुण येते म्हणून प्लगची भूसंपर्काची पिन कधीही काढू नये. त्यासाठी डी. आय. बॉक्सवर वेगळे बटन असते. ते केवळ संदेशाच्या केबलचा भूसंपर्क तोडते, विजेच्या पुरवठ्याचा नव्हे. पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रोधक स्विच असल्याची खात्री संयोजकांनी कार्यक्रमापूर्वी करून घ्यावी.

९. तयारीचा क्रम

प्रथम तारा, जुळणी व बॅटरी तपासावी. मिक्सरवरील सर्व स्वर-नियंत्रणे मध्यावर आणावीत. वादकाने सर्वांत जोरदार वाजविले असताना संदेश फाटणार नाही अशी पहिली पातळी ठरवावी. ८० हर्ट्‌झखालील भाग काढून टाकावा, कारण नेहमीच्या जुळणीत गिटारचा कोणताही मूळ स्वर तेथे नसतो. तेथे असतो तो पावलांचा धबधबाट. घुमणारी कंप्रता शोधून अरुंद गाळकाने ती कमी करावी. पिकअपचा कोरडेपणा जाणवल्यास १००० ते ३००० हर्ट्‌झच्या दरम्यान तीनचार डेसिबेल उतरवावेत. वाढविण्याआधी कमी करून पाहावे. प्रत्येक वाढ किंचाळीला एक पाऊल जवळ आणते. शेवटी वादकाने सर्वांत हळू वाजवावे आणि कोणीतरी शेवटच्या रांगेत जाऊन ते ऐकावे.

या अखेरच्या परीक्षेला सर्वांत अधिक मोल आहे. जोरदार आघात कसाही पोहोचतो. तार सोडताना बोटाने घेतलेली हलकी ओढ शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू आली, म्हणजे विवर्धनाचे कार्य साधले असे समजावे.